दंड आणि मनगट यांच्या मधलं

अण्णाला जाऊन काही महिने झाले. त्याची आठवण आली की चेहरा आधी डोळ्यांपुढं येत नाही. येतात ते त्याचे हात, कोपरापासून मनगटापर्यंतचे.

अण्णा माझा थोरला भाऊ. बेळगावात मास्तर होता आणि सकाळी कॅम्पात एका गोऱ्या कप्तानाला मराठी शिकवायला जायचा. शिकवणी संपली की कप्तान मैदानाच्या कडेला त्याच्या हाती गोल्फची काठी द्यायचा. अण्णाला त्या खेळानं झपाटलं. पण त्याचा चेंडू सरळ जाईना. निघायचा निशाणाकडे आणि वळायचा उजवीकडे, घायपाताच्या कुंपणात. त्यात कप्तानाची बदली ठरली. तो गेल्यावर त्या मैदानात देशी मास्तराला कोण उभं करणार? एकदा, फक्त एकदा, आपला चेंडू सरळ गेलेला अण्णाला बघायचा होता.

"दोन हात एका ओळीत ठेवा म्हणतो गं," तो मला म्हणाला. "ठेवतोय की! बोटाला बोट लावून ठेवतोय."

"इंग्रजीत काय म्हणतो?"

"फोरआर्म," तो म्हणाला आणि कोपरापासून मनगटापर्यंत बोट फिरवता फिरवता थांबला. आपल्याकडे खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच. वर दंड आहे, खाली मनगट आहे. मधल्या भागाला घरात कुणालाच नाव सापडेना. कप्तानानं आपला सोपा 'हात' हाच शब्द वापरला होता आणि अण्णा इतके दिवस तळवे जुळवत बसला होता.

मी त्याला अंगणात, काठीऐवजी छत्री देऊन, उभं केलं. निशाण म्हणून आडाचा रहाट ठरवला. स्वयंपाकघरातलं लाटणं आणून त्याच्या दोन्ही हातांवर, कोपरांच्या जरा खाली, आडवं धरलं आणि मागून पाहिलं. लाटण्याचं टोक रहाटाकडे नव्हतंच, पार डावीकडे गोठ्याकडे होतं. उजवा हात डाव्याच्या पुढं आला होता.

"उजवं कोपर अंगाकडे घे. अजून घे."

दारातून वहिनी म्हणाली, "वन्सं, ते सरळ झाले की लाटणं तेवढं परत द्या. पोळी वाकडी झाली तर बोलणी मला बसतात."

कप्तानाच्या शेवटच्या सकाळी मीही गेले. धुकं होतं. अण्णा उभा राहिला. मागून पाहिलं तर दोन्ही हात एका रेषेत होते. त्यानं काठी मागं नेली आणि फिरवली. आवाज अगदी लहान, वाळकी शेंग फुटावी तेवढाच. चेंडू वर चढला, धुक्यात नाहीसा झाला आणि पार हिंडलगा गावाच्या बाजूला पुन्हा दिसला, अजून सरळच जात असलेला. फळ्यावर लिहिणारे, भाकरी मोडणारे तेच हे हात. हे त्यांच्यात इतके दिवस कुठं होतं, मला कळेना.

"गेला की रं!" कप्तान ओरडला. मग जीभ चावून म्हणाला, "गेला की, मास्तर!"

त्यानं दुसरा चेंडू ठेवला. तो कुंपणात गेला. अण्णा मोठ्यानं हसला. "ऱ्हाऊ द्या साहेब. एक गेला, तो बघितला मी." त्यानं काठी परत दिली.

घरी येताना तो मधेच थांबायचा आणि रिकाम्या रस्त्यावर इतक्या लांब बघायचा, की मीही तिकडे बघू लागायची.