नाकावरचा डास

रात्री जाग आली की मी छताकडे बघतो. दुसरीकडे बघायला मान वळायला हवी, आणि एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराने माझे स्नायू एकेक करून निवृत्त केलेत. हाक मारण्याइतका आवाजही उरला नाही. हलतो तो फक्त पायाचा अंगठा. त्याच्याखाली शेजारी झोपलेल्या बायकोला उठवायला बेल.

त्या रात्री माझी कूस बदलायला ती दोनदा उठली होती, आणि मग माझ्या नाकावर डास बसला. डासासाठी तिला पुन्हा उठवायचं? म्हटलं, पी बाबा. राग आला नाही, स्वतःची कीवही नाही. नुसता यजमानासारखा पडून राहिलो.

तिला आपसूकच जाग आली. "जागे आहात ना? बेल का नाही वाजवली?"

"डासच होता," मी पुटपुटलो.

"मग मी कशाला झोपलेय इथे?"

तिने माझं नाक खाजवलं आणि हात माझ्या गालावर ठेवून झोपून गेली. झोपेत तिचा हात जड होत गेला. बेल मी तेव्हाही वाजवली नाही.