खुर्चीभर ऊन

आमच्या गुडगावच्या सोसायटीत ऊन कुठल्या दोन टॉवरांच्या फटीतून किती वाजता उतरतं, हे समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना तोंडपाठ आहे. थंडीत साडेदहाला त्या माझी बेल दाबतात. एका हातात प्लास्टिकची खुर्ची, दुसऱ्या हातात चिरलेल्या मुळ्याचा डबा. "चलो चलो, धूप आ गई!" जणू दारात वरातच आलीय.

माझी पाळी दोन-दोन महिने लांबत होती, दिवस राहत नव्हते. तपासणीत व्हिटॅमिन डी पार तळाला निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर ऊन खायला सांगितलं. मी पडले पुण्याची. पहिल्या दिवशी सवयीने डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधून, हातमोजे चढवून उन्हात बसले. बाई इतक्या हसल्या की त्यांना मुळ्याचा ठसका लागला. मग त्यांनीच माझा स्कार्फ सोडला, बाह्या वर सारल्या.

ऊन सरकतं तशा आम्ही खुर्च्या उचलून पळतो. आधी जनरेटरमागे, मग झोपाळ्यापाशी, शेवटी पार्किंगमध्ये. तिथे गाडी लावणाऱ्याची खैर नसते.

परवा तिथेच कमिटीतल्या एक मॅडम माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "शादी को तीन साल हो गए ना? गुड न्यूज कब?"

बाईंनी मला हे आजवर एकदाही विचारलेलं नाही. त्यांनी मॅडमना दोन्ही खांद्यांना धरलं आणि कुंडी सरकवावी तसं बाजूला सरकवलं.

"हटो जी," त्या म्हणाल्या, "बच्ची की धूप रोक रही हो."