पालथ्या पाट्यांची बैठक

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मी पुण्यातल्या वर्तमानपत्रांना एक प्रसिद्धिपत्रक पाठवलं. शुक्रवारी ते दोन ठिकाणी छापून आलं, त्यातल्या एका ठिकाणी इंग्रजीत. रविवारी आमच्याकडे पाहुण्या म्हणून आलेल्या एका प्राध्यापक बाईंना त्यांच्या सरकारने परत बोलावलं. मुक्काम तीन महिन्यांचा ठरला होता. एकोणीस दिवस झाले होते.

संस्था शेजारी देशांनी मिळून चालवलेली आहे. एकमेकांचे अभ्यासक इथे येतात, राहतात, वाद घालतात. पुण्याची शाखा येरवड्यात, भाड्याच्या दुमजली इमारतीत. पत्ता सांगितला की रिक्षावाला एवढंच विचारतो, "जेलच्या अलीकडं का पलीकडं?" वर्तमानपत्रात बावीस वर्षं काढून मी तिथे प्रसिद्धीचं काम पाहू लागलो, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

त्या आठवड्याचा विषय होता शाळेतली इतिहासाची पुस्तकं. प्रत्येकाने शेजाऱ्याचं पुस्तक वाचून यायचं. अशा बैठकीचा एक रिवाज आहे. दार लागलं की टेबलावरच्या नावाच्या पाट्या सगळे पालथ्या घालतात. आत काय बोललं गेलं ते बाहेर सांगता येतं. कोण बोललं ते नाही.

या बाई त्यांच्या देशाच्या पाठ्यपुस्तक समितीवर होत्या. देशाचं नाव इथे लिहीत नाही. पत्रकात एकदा लिहिलं तेवढं पुरे. आठवीच्या पुस्तकातला युद्धाचा धडा त्यांचा. दुपारच्या सत्रात त्या म्हणाल्या, "तो धडा मी लिहिलाय आणि मला तो खरा वाटत नाही. पुढच्या वर्षी पुस्तक बदलणार आहे. तोवर समितीवर राहिले, तर मी तो नव्याने लिहीन."

मी ते वाक्य वहीत उतरवलं आणि बाजूला उभी रेघ मारली. माझ्या वहीत अशी रेघ म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद.

पत्रकात नाव नव्हतं. देश होता, आणि "पाठ्यपुस्तक समितीवर काम करणाऱ्या एका महिला प्राध्यापकांनी सांगितले" असं होतं. पाठवण्याआधी ते मी कुणालाही दाखवलं नाही. बोलणाऱ्याला मजकूर दाखवायचा नाही, हे मी पहिल्या नोकरीत शिकलो आणि पुढे कित्येकांना शिकवलं.

शुक्रवारी सकाळी संचालक मॅडमनी कात्रण माझ्यासमोर ठेवलं.

"मला दाखवावंसं वाटलं नाही आपल्याला?"

"आम्ही मजकूर आधी दाखवत नाही, मॅडम."

"आम्ही म्हणजे कोण? ते ऑफिस सोडलंत ना आपण?"

"नाव दिलेलं नाही त्यांचं."

"छे, नाव कुठलं! फोटो तेवढा छापायचा राहिला."

ओळख पटेल हे लक्षात आलं नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं. 'महिला' हा शब्द मी एकदा खोडला होता. मग 'एका प्राध्यापकांनी' हे मोघम वाटलं, म्हणून परत घातला. त्या देशातून आलेल्या बाई एकच होत्या. निवासाची यादी मीच केली होती.

रविवारी दुपारी संस्थेच्या गाडीतून त्यांना विमानतळावर सोडायला मी गेलो.

"बातमी चांगली लिहिलीत," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाने तिकडे बसून इंटरनेटवर वाचली आणि लगेच फोन केला, अगं, ही तूच ना?"

मी माफी मागितली. खोडलेल्या शब्दाचं सांगितलं नाही.

"पण माझंच वाक्य का? बाकीचेही तासभर बोलत होते की."

"बाकीच्यांचं छापून आलं नसतं," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या. विमानतळावर बॅग त्यांनी मला उचलू दिली नाही.

त्यानंतर मी त्यांना दोन मेल पाठवले. उत्तर आलं नाही. मॅडमनी संस्थेतर्फे त्यांच्या विद्यापीठाला खुलाशाचं पत्र लिहिलं. ते मिळाल्याची पोच आली, दुसरं काही नाही.

पुढच्या वर्षी आठवीच्या पुस्तकाची नवी इंग्रजी आवृत्ती आमच्या ग्रंथालयात आली. समितीच्या यादीत त्यांचं नाव नाही. युद्धाचा धडा मी जुन्या प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहिला. मजकूर तोच आहे.