पेशीतला वाहक

बाबांनी माझ्या लग्नाच्या बायोडेटात ‘मुलगी ट्रान्सपोर्टमध्ये आहे’ असं लिहिलं, तेव्हा टिटवाळ्याच्या एका स्थळाने फोन करून टेम्पो किती आहेत असं विचारलं होतं. दोष माझाच. मी आतड्याच्या पेशींवर संशोधन करते, पण ‘पेशीतलं ट्रान्सपोर्ट’ एवढंच सांगून मी सुटका करून घेतली होती. बाबा कल्याण डेपोला एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. लेक आपल्याच लाइनीत आली म्हणून खूश होते.

मग एका सकाळी आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, “अगं, ह्यांना संडासातून रक्त जातंय. चार महिने झाले. तुला सांगू नको म्हणालेत.”

माझं डोकंच फिरलं. मी दिवसभर आतड्याच्या ज्या कॅन्सरमागे लागलेली, त्याची शंका यावी असं लक्षण आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत माझ्यापासून लपून होतं! बाबांनी परस्पर मूळव्याधीचं निदान करून इसबगोल सुरू केला होता. मी सुचवलेली कोलोनोस्कोपी म्हणजे काय ते कळल्यावर तर ते उसळलेच.

“तिकडून कॅमेरा? तीस वर्षांत मी कुणाला मागच्या दाराने घुसू दिलं नाही!”

मी रडले, ओरडले, दोन दिवस अबोला धरला. ढिम्म. शेवटी रविवारी पोहे खाताना मी त्यांना माझं काम नीट सांगितलं. आतड्याचं अस्तर सतत झिजतं, नव्या पेशी लागतात. त्यासाठी काही पेशी ‘वाढा’ असा निरोप देणारं प्रथिन बनवतात. ते एकटं बाहेर पडू शकत नाही. दुसरं एक प्रथिन त्याला पेशीच्या कडेपर्यंत नेऊन सोडतं आणि पुढचं न्यायला रिकामं परत येतं. त्याला वाहक म्हणतात.

बाबांची मान वर झाली. त्यांच्या बिल्ल्यावर हाच शब्द होता.

“म्हणजे मी प्रोटीन?”

“हो.”

“मग चालक कोण?”

मी घाईघाईने त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले.

“बरं, बिघडतं कुठे?”

“निरोप घेणाऱ्या पेशीत. कुणी निरोप दिला नाही तरी ती वाढतच सुटते. आधी अस्तरावर छोटा कोंब येतो, पॉलिप. तो वेळेत काढला तर पुढचं टळतं.”

बाबांनी पोह्यांतला एक शेंगदाणा वेचून बशीच्या कडेला ठेवला.

“बेल न मारता गाडी सुटली,” ते म्हणाले. “कधी जायचंय?”

पोट साफ करायचं औषध पिऊन त्यांच्या संध्याकाळभर फेऱ्या चालल्या. “आज जादा गाड्या सोडल्यात,” दर वेळी दार लावताना ते आईला कळवत होते. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या हॉस्पिटलात त्यांच्या आतड्यात खरंच एक कोंब सापडला आणि तिथल्या तिथे काढलाही. आठवड्याने बाबा आणि मी रिपोर्ट आणायला गेलो. कॅन्सर नव्हता, पण तसाच राहिला असता तर पुढे झाला असता, असं डॉक्टर म्हणाले.

परतताना रिक्षात बसल्यावर माझा राग उफाळून आला.

“चार महिने, बाबा! घरात मी असताना मलाच का नाही सांगितलंत?”

“दुसरं कुणी ‘काही नाही हो’ म्हणालं असतं,” बाबा म्हणाले. “तुला सगळं कळतं. मला काय झालंय ते तुझ्या तोंडावर दिसलं असतं. ते बघायची हिंमत नव्हती.”

मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले.