काकांची लाल झेंडी

ज्या व्हिडिओवर तुम्ही सगळ्यांनी बदाम टाकलेत, त्यात दत्ताकाकांचा जीव जातोय.

आज वर्ष झालं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी. पुण्यापासून दोन तासांवर एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन आहे. केतकीच्या बाबांनी, म्हणजे आमच्या सरांनी, तिथे हॉलिडे स्टे काढला. तिकीटघरात रिसेप्शन. रुळांवर एक जुना डबा, आत एसी आणि डबल बेड.

कॉलेज अर्धवट सोडून मी तिथे लागलो. घरी सांगितलं, हॉस्पिटॅलिटीत करिअर करतोय.
करिअर कसलं? केतकी तिथले रील्स बनवायची. बास.

हे फक्त काकांनी ओळखलं.
"काय रे हाफ तिकीट, काचा पुसतोयस का तिला बघतोयस?"
"दोन्ही, काका."
"मग काच तरी नीट पूस. स्वच्छ दिसेल."

काका रेल्वेतून रिटायर झालेले, घर पुण्यात, खडकीला. पाहुणे निघाले की युनिफॉर्म घालून फलाटावर उभं राहायचं आणि शेवटची गाडी वळणाआड जाईपर्यंत हिरवी झेंडी दाखवायची, हे त्यांचं काम.
लाल झेंडी सरांनी त्यांना घरी न्यायला लावली. "पाहुण्यांना निगेटिव्ह वाटतं."

त्या सकाळी काका म्हणाले, "सर, छातीत दुखतंय. जीप देता का? दवाखान्यात जातो."
"अहो, चेकआउट तर होऊ द्या. ॲसिडिटी असेल."
"सर, आधी काकांना न्या!" मी ओरडलो.
"तू बॅगा उचल."

जीप पाहुण्यांच्या बॅगा घेऊन गेली.
काका फलाटावर उभे राहिले. एका हातात झेंडी, दुसरा हात छातीवर.
केतकी शूट करत होती.

जीप परत आली तेव्हा काका नव्हते.

चार दिवसांत रील पडलं. "दिल से निरोप."
अजून पेजवर सगळ्यात वर आहे.
आणि सरांनी काकूंना सांगितलं, "मी जा म्हणत होतो, तेच ऐकेनात."

केतकी, तू तिथेच होतीस. तू ऐकलंस.
रील काढून टाक म्हणालो, तर म्हणालीस, "रीच बघ ना त्याचा."
आणि मी इतका येडा, की अजून तुझं नाव स्क्रीनवर आलं की हातातलं काम टाकून बघतो.

आज सकाळी खडकीला गेलो. काकूंच्या मोबाइलवर तेच रील चालू.
राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

"माहितीये रे," काकू म्हणाल्या. "त्यांचा छातीवरचा हात मला कळत नाही होय?"
"मग बघता कशाला?"
"हलताना आणखी कुठे दिसतात ते?"

मग उठल्या. कपाटातून लाल झेंडी काढली.
"उद्या तुझ्या सरांच्या नव्या डब्याचं उद्घाटन ना? मला घेऊन चल."

तर सर, उद्या कार्यक्रम संपला की फाटकात काकू उभ्या असतील. लाल झेंडी घेऊन.
त्या सकाळी काय म्हणालात, ते सगळ्यांसमोर सांगायचं. तोपर्यंत एकही गाडी सुटणार नाही.
केतकी, शूट कर. रीच छान मिळेल.

काका, तुमची हिरवी झेंडी त्यांनी फ्रेम करून रिसेप्शनला टांगलीये. तीही उद्या उतरवतो.
तुम्हाला निरोप द्यायला कुणी उभंच राहिलं नव्हतं.
ती घेऊन मी उभा राहीन. शेवटच्या वळणापर्यंत.

मग निघा.

तुमचा,
हाफ तिकीट