सातव्या वर्षीचा लसूण

अमेरिकेत ॲन आर्बरजवळच्या शेतात अलिबागचे बेने इस्रायली ज्यू एझ्राकाका दर शरदात लसूण लावत. बियाणं त्यांच्या बायकोने, मिल्काने, राखलेलं. यंदा ज्यू पंचांगातलं सातवं वर्ष होतं. त्या वर्षी जमिनीला विश्रांती द्यायची, असा शब्द मिल्काने मरताना घेतला होता.

"पप्पा, तो नियम फक्त इस्रायलच्या जमिनीला," मुलगी रेमा म्हणाली. "लसूण वर्षभर टिकणार नाही. मम्मीचं बियाणं संपेल."

"मम्मीला सांग."

"मग मी नेते. बाल्कनीत लावते."

"तुझ्याकडे कढीपत्तासुद्धा जगत नाही."

सुक्कोथच्या सणाला काकांनी अंगणात मक्याच्या ताटांचा मांडव घातला आणि लसणाचे सगळे गड्डे त्याला टांगले. सण संपेपर्यंत पाकळ्यांना अधांतरीच हिरवे कोंब फुटले. खाली जमीन ओली होती.

काकांनी कोंबांसकट सगळ्या लसणाची चटणी कुटली.