टॉवेलाखालचे युरो

दाजींनी आजवर कुठल्याही वस्तूची सांगितलेली किंमत दिलेली नाही. नातवाच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलचं बिल भरतानासुद्धा त्यांनी काउंटरवरच्या बाईंना "शेवटचं बोला" असं सांगितलं होतं. बाईंनी बिलावरच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि तो पूर्ण भरावा लागला. दाजी त्याला अपवाद म्हणतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार मोशी. घरची जमीन इंद्रायणीच्या बाजूला होती. आता तिच्यावर इमारती आहेत आणि त्यांतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर दाजींचं जमीन खरेदी-विक्रीचं ऑफिस आहे. काचेचं दार, फिरती खुर्ची, भिंतीवर गावाचा नकाशा. दाजींच्या खांद्यावर पांढरा टॉवेल असतो. एसी लावलेला असला तरी असतो.

हा टॉवेल चाकणच्या बैलबाजारातून आलेला आहे. तिथे भाव तोंडाने ठरत नसे. घेणारा आणि विकणारा टॉवेलाखाली हात घालत, एकमेकांची बोटं धरत, सोडत, आणि भोवती उभ्या असलेल्या गर्दीला पत्ता लागू न देता सौदा होत असे. दाजी हीच रीत गुंठ्यांना लावतात. ताईलाही ती येते. आमचे वडील त्या बाजारात बैलांची खरेदी-विक्री करत आणि लहानपणी ती त्यांच्यासोबत जायची. लग्नानंतर मात्र तिच्या हातावर कुणी टॉवेल टाकला नाही. घरातले भाव दाजीच ठरवत आले.

दाजींच्या धंद्याचा दुसरा नियम फोनचा आहे. बोलणी अर्धी झाली की उठून यायचं. मग थांबायचं. जो पहिला फोन करील तो हरला. या नियमावर त्यांनी बरीच जमीन घेतली आहे. एका प्लॉटसाठी तर ते वर्षभर थांबले होते. समोरचा मालकही तोच नियम पाळत होता, त्यामुळे तो प्लॉट शेवटी तिसऱ्याच माणसाने घेतला.

या उन्हाळ्यात आम्ही चौघं युरोपला जायचं ठरलं. दाजी, ताई, माझी बायको आणि मी. टूरवाल्याने राहणं, खाणं, फिरणं सगळं पैशांत धरलं होतं. वरखर्चाचे युरो तेवढे प्रत्येकाने न्यायचे होते.

ताईने तिच्यासाठी वेगळी तयारी केली होती. मोशीतल्या बायकांची भिशी आहे. ताईने आपला नंबर पुढे ओढून घेतला आणि आलेले पैसे एका रुमालात बांधून ठेवले. एवढ्या वर्षांत कोल्हापूर झालं, काशी झाली, गोवा झाला. प्रत्येक ठिकाणी पाकीट दाजींच्या खिशात आणि ताई दुकानापुढे उभी राहून "अहो" म्हणून मागे बघणार. दाजींनी कधी नाही म्हटलेलं नाही. ते फक्त पुढे होऊन भाव करत, आणि भाव पटला नाही की सगळे पुढच्या दुकानाकडे निघत. गोव्यात तिने पसंत केलेली टोपली अशीच चार दुकानं फिरून शेवटी राहून गेली.

"तिथं काय घ्यायचंय मला ठाऊक न्हाई," ती माझ्या बायकोला म्हणाली. "पण घेताना मागं वळून बघायचं न्हाई."

दाजींनी तो रुमाल मागून घेतला. हेतू चांगला होता. "सुटं सुटं घेतलं की लुटत्यात. चौघांचं एकगठ्ठा घेऊ. लॉटमधी भाव पडतो." आम्हालाही त्यांनी थांबवून ठेवलं. स्वतःची आणि ताईची रोकड एका बॅगेत घालून दाजी मला घेऊन वाकडला परकीय चलनाच्या दुकानात गेले.

दुकान मॉलच्या शेजारी होतं. काउंटरवर टाय घातलेला तरुण होता आणि मागे चालता फलक. फलकावर प्रत्येक चलनापुढे दोन आकडे. दाजींनी दोन्ही वाचले आणि कमी असलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्या भावानं द्या."

"सर, तो आमचा खरेदीचा रेट आहे. तुम्हाला पलीकडचा."

"म्हंजी घेताना स्वस्त घेता आन देताना म्हाग देता?"

"हो सर."

दाजी माझ्याकडे वळले. "बघा पाव्हणं, तोंडावर सांगतोय. आमच्यात एजंट दोन्हीकडनं खातो, पर लाजतो तरी."

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, काउंटरवरून हात पुढे केला आणि तरुणाच्या हातावर टाकला. तरुणाने आधी टॉवेलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फलकाकडे पाहत होतो. टॉवेलाखाली काही हालचाल झाली.

"सर, बोट सोडता का?"

"आधी बोला तुम्ही."

"मला हे येत नाही सर. मी लातूरचा आहे."

दाजींनी हात काढून घेतला आणि बोलीवर आले. माल मोठा आहे, चौघांचा आहे, मोशीतली आणखी गिऱ्हाइकं आणून देऊ. तरुणाने शांतपणे सांगितलं की युरो प्रत्येकाला आपापल्या पासपोर्टवरच मिळतात, चौघांचे एकाच्या नावावर देता येत नाहीत. आणि पन्नास हजारांच्या वर रोख चालत नाही, पैसे बँकेतून यावे लागतात. दाजींनी बॅगेची चेन लावली. दरम्यान शेजारच्या खिडकीवर आयटीतलं एक जोडपं आलं, भाव न विचारता कार्डावर पैसे भरून घेऊन गेलं. त्यांच्याकडे पाहून दाजींच्या चेहऱ्यावर खरोखरचा कळवळा आला.

"ठीक हाय," ते म्हणाले. "निघतो आम्ही. नंबर लिहून घ्या."

तरुणाने नंबर लिहून घेतला. दाजी दाराकडे चालू लागले. ही चाल मी अनेकदा पाहिली आहे. ती मुद्दाम सावकाश असते, मागून हाक मारायला समोरच्याला सवड मिळावी म्हणून. दार आपोआप उघडलं, आम्ही बाहेर आलो, दार आपोआप बंद झालं. पार्किंगमध्येही आम्ही बराच वेळ उभे होतो.

"करंल फोन," दाजी म्हणाले.

संध्याकाळी त्यांच्या मोबाइलवर दुकानाचा संदेश आला. 'आपल्या सहलीसाठी चलन हवे आहे का? आजचा आकर्षक दर जाणून घेण्यासाठी १ दाबा.' दाजींनी तो मला पाठवला आणि पाठोपाठ फोन केला.

"आला का न्हाई लायनीवर? दाबायचं न्हाई. लटकू द्या."

दुसऱ्या दिवशी तोच संदेश पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही आला. हे संदेश यंत्र पाठवतं, असं मी सांगितलं. दाजी म्हणाले, "यंत्राला काय गरज पडलीय? मागं माणूस असतोयच."

युरो रोज थोडा महाग होत होता. दाजींच्या ऑफिसात यावर बैठक बसे. त्यांच्या मित्रांपैकी कुणीही युरो विकत घेतलेला नव्हता, आणि प्रत्येकाला तो स्वस्त कुठे मिळतो हे ठाऊक होतं. एकाच्या मते चाकणच्या कंपन्यांतले जर्मन साहेब गावी परतताना उरलेल्या नोटा हॉटेलवर विकून जातात. दुसऱ्याच्या चुलतभावाने गेल्या वर्षीच्या नोटा तिजोरीत ठेवल्या होत्या. चौकशीअंती त्या थायलंडच्या निघाल्या. तिसरा म्हणाला, "राव, अमावस्या होऊ द्या. पडतोय."

"पाव्हणं, तुमी पेपरात व्हता," दाजींनी मला विचारलं. "कवा पडंल?"

आमच्या दैनिकात चलनाचे भाव आतल्या पानावर, तळाशी, एका कॉलमात छापत असत. एकदा जुनाच तक्ता आठवडाभर छापला गेला. एकाही वाचकाची तक्रार आली नाही. दाजींना मी सांगितलं की मला कल्पना नाही. हे उत्तर त्यांनी माझा धूर्तपणा म्हणून घेतलं.

ताई रोज संध्याकाळी विचारायची, "झालं का?"

"व्हतंय."

"माझं तरी आणून द्या. माझं थोडंच हाय."

"तुझं काढलं तर लॉट फुटतो. मग भाव कशाच्या जोरावर मागायचा?"

म्हणजे ताईची भिशी आता दाजींचं वजन झाली होती. निघायला फार दिवस उरले नव्हते. एका दुपारी ताई पिंपळे सौदागरला आमच्या घरी रिक्षाने आली. हातात पर्स, पर्समध्ये पासपोर्ट, कागदपत्रं आणि रुमालाची गाठ. बॅग कपाटात होती आणि कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला असते. बॅग उघडून पाहायची म्हणजे आपण उतावीळ झालो असं होतं, त्यामुळे दाजी ती उघडत नव्हते.

"वाकडला चला," ती म्हणाली. "जिथं ह्यांनी टॉवेल टाकला तिथंच."

आमचेही पासपोर्ट घेऊन तिघं गेलो. तोच तरुण होता. मला ओळखून त्याने आधी हात काउंटरखाली घेतले.

"आज काय भाव?" ताईने विचारलं.

त्याने सांगितला.

"द्या."

तरुण थांबला. त्याने कागदपत्रं पाहिली, आडनाव वाचलं, मोशीचा पत्ता वाचला.

"मॅडम, ते टॉवेलवाले सर आपल्या घरचे का?"

"घरचेच."

"त्यांच्यासाठी मॅनेजरसाहेबांनी कमी रेट काढून ठेवला होता. आम्ही त्यांच्या फोनची वाट बघत होतो. कस्टमरचा फोन आल्याशिवाय आम्हाला पुढं जाता येत नाही." त्याने काही बटणं दाबली. "तोच लावतो तुम्हाला."

ताईने गाठ सोडली. सही स्वतः केली. पाकीट हातात आल्यावर तिने एक नोट बाहेर काढून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि पुन्हा ठेवली. आम्ही दोघांनीही आमचे युरो तिथेच कार्डावर घेतले, आमचेही कमी भावाने.

गाडीत बसताना मी म्हणालो, "दाजींना सांगू या का? एक फोन केला की काम होईल."

"आज जेवताना मीच सांगते," ती म्हणाली.

तिने सांगितलंही. म्हणजे स्वतःचं घेतल्याचं नाही. दुकानवाला फोनची वाट पाहतोय, एवढंच. दाजींनी भाकरी मोडता मोडता मान डोलावली. "म्हंजी गरज त्याला हाय. आता तर मुळीच करायचा न्हाई." ताईने त्यांना आणखी एक भाकरी वाढली. त्यांचा सौदा तिने चालू राहू दिला.

मुंबईच्या विमानतळावर आम्ही पोहोचलो तेव्हा दाजींपाशी एकही युरो नव्हता. बॅग न उघडताच मुलाकडे ठेवून खिशात थोड्या रुपयांच्या नोटा तेवढ्या घेतल्या होत्या. बँकेचं कार्ड होतं, पण परदेशात वापरलं की जादा पैसे कापतात म्हणून ते त्यांनी तिकडच्या वापरासाठी चालूच केलं नव्हतं. विमानतळावरच्या चलनाच्या काउंटरवरचा फलक त्यांनी वाचला. आपल्या हद्दीत कुणी कुंपण घातलेलं दिसलं की ते असं पाहतात.

"न्हाई," ते म्हणाले. "तिकडंच घेऊ. जिथं छापत्यात तिथं स्वस्तच आसनार."

व्हिएन्नाला उतरल्यावर बस लगेच पुढे निघाली. बरंच अंतर गेल्यावर ती हमरस्त्यावरच्या एका थांब्याला थांबली. पेट्रोल पंप, दुकान, आणि तळघरात स्वच्छतागृह. विमानात दाजींनी फुकट मिळालेलं प्रत्येक पेय घेतलं होतं. ते सगळ्यांच्या पुढे झपाझप जिना उतरले. खाली फिरतं फाटक होतं, शेजारी नाणं टाकायचं यंत्र. फाटकाला माणूस नव्हता. दाजींनी आधी माणूस शोधला.

आम्ही पोहोचलो तेव्हा ते यंत्रासमोर उभे होते. ताई दुकानातून पाण्याची बाटली घेऊन मागून येत होती. नोट मोडल्यामुळे तिच्या मुठीत नाणी होती. माझ्याही खिशात एक नाणं होतं. माझा हात तिकडे गेला. बायकोने तो धरून ठेवला.

"आगं, सुटं कुठनं आलं तुझ्याकडं?" दाजींनी विचारलं.

"घेतलेत मी. वाकडातनं."

"काय भावानं?"

"तुमच्या."

हे समजून घ्यायला दाजींना निवांत वेळ हवा होता. तो नव्हता. "बरं, दे एक."

"काय भाव देताय?"

"घरातल्या घरात भाव?"

"लॉट फुटतो माझा."

मागे आमच्या टूरची रांग लागली होती. पुण्याचं एक जोडपं, नाशिकचे दोन भाऊ. "काका, चला की," कुणीतरी म्हणालं. दाजींनी सवयीने मागे जिन्याकडे पाहिलं. उठून निघायचं आणि हाक येईपर्यंत सावकाश चालायचं, हा मार्ग त्या घटकेला उपलब्ध नव्हता.

ताईने अंगावरची शाल काढली आणि स्वतःच्या हातावर टाकून हात पुढे केला. दाजींनी शालीखाली हात घातला. ताईचा चेहरा आमच्या वडिलांचा बाजारात असायचा तसा होता, कुठेच न पाहणारा. शाल एकदा हलली, दाजींनी हात मागे ओढला, या पायावरचा भार त्या पायावर घेतला आणि हात पुन्हा आत घातला. दुसऱ्या वेळी शाल फारशी हलली नाही. भाव काय ठरला हे रांगेतल्या कुणालाही कळलं नाही, मलाही नाही.

ताईने नाणं यंत्रात टाकलं. फाटक फिरलं.

यंत्रातून एक कुपन बाहेर आलं. वरच्या दुकानात तेवढी सूट मिळते, असं टूरच्या माणसाने सांगितलं. दाजी वर आले तेव्हा त्यांच्या हातात ते कुपन होतं आणि चेहरा पूर्ववत झाला होता. ते लगेच दुकानात शिरून भाव पाहू लागले.

ताई त्यांच्या आधीच आत गेली होती. भाजी चिरायच्या सुऱ्यांची एक फळी होती. तिने लाल मुठीची सुरी उचलली, अंगठ्याने हलकेच धार पाहिली आणि गल्ल्यावर ठेवली. दाजी शेजारच्या रांगेत होते. त्यांनी किमतीची चिठ्ठी वाचली आणि कुपन हलवत तिला खुणेने थांबायला सांगितलं.

तिने नोट दिली, सुरी पर्समध्ये टाकली आणि सरळ बसकडे चालू लागली. खूण तिच्या पाठीमागे चालूच होती.